करार कायद्यातले गाव आणि गावातला करार

वाङ्मयसमीक्षा म्हटली की कथा, कविता, आत्मकथन एवढ्यावरच आपली नजर थांबते. ज्या लेखनाने आपल्या आयुष्यावर सर्वांत अधिक सत्ता गाजविली, त्याची समीक्षा मात्र आपण वकिलांवर सोपवून मोकळे होतो. कायद्याचे पुस्तक हेही शेवटी एक पुस्तकच असते. त्यात पात्रे असतात, प्रसंग असतात, लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक समाज असतो; आणि त्या समाजात कोणाला जागा आहे व कोणाला नाही, हे ओळीओळीतून कळत असते. १८७२ चा भारतीय करार कायदा या दृष्टीने वाचावा आणि तो आपल्या विद्यार्थ्यांना कसा शिकविला जातो याची तपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मी शाहूवाडी तालुक्यातला. घरातला पहिला पदवीधर. कोल्हापुरात कायदा शिकलो आणि आता वाणिज्य शाखेच्या मुलांना व्यापारी कायदा शिकवितो. वर्गात बसणारी मुले मलकापूर, बांबवडे, सरूड, आंबा या बाजूंच्या गावांतून आणि वाड्यांतून येतात. बहुतेकांच्या घरी भाताचा तुकडा असतो किंवा तोही नसतो. पावसाळ्यात आई दुसऱ्याच्या शेतावर रोपलावणीला जाते, बाप मुंबईला किंवा कोल्हापूरच्या बाजारात हमालीला असतो. या मुलांच्या घरात रोज करार होतात. ऊस, भात, मजुरी, व्याज, उचल, गहाण हे सारे करारच आहेत. तरीही वर्गात 'करार म्हणजे काय?' असे विचारले, की ती मुले आपल्या घराकडे पाहत नाहीत. ती पुस्तकाकडे पाहतात आणि पुस्तकातल्या 'अ' ने 'ब' ला केलेला प्रस्ताव म्हणून दाखवितात.

हा 'अ' आणि हा 'ब' कोण? करार कायद्याचे एक वैशिष्ट्य असे, की त्याच्या कलमांखाली कायदा करणाऱ्यांनीच उदाहरणे दिलेली आहेत. ही उदाहरणे म्हणजे दोनतीन ओळींच्या कथाच होत. एका कथेत 'अ' आपले घर 'ब' ला विकू पाहतो. दुसरीत एक गायिका नाटकगृहाच्या व्यवस्थापकाशी आठवड्यातून दोन रात्री गाण्याचा करार करते. जबरदस्ती म्हणजे काय हे समजावण्यासाठी भर समुद्रातले इंग्रजी जहाज येते आणि दावा कलकत्त्यात लागतो. फसवेगिरीचे उदाहरण निळीच्या कारखान्याचे आहे : कारखान्यात वर्षाला पाचशे मण नीळ होते अशी थाप मारून 'अ' तो कारखाना 'ब' च्या गळ्यात मारतो. कायदा 'ब' ची काळजी घेतो, आणि ते रास्तच आहे. परंतु ती नीळ ज्या रयतेच्या शेतात उचलीच्या जोरावर सक्तीने पिकविली जात होती, आणि जिने १८५९-६० मध्ये बंगालात त्याविरुद्ध उठाव केला, ती रयत या कथेत कोठेच नाही. कथेला कारखाना दिसतो, मळेवाला दिसतो, खरेदीदार दिसतो. कष्ट करणारा माणूस पाचशे मणांच्या आकड्यात विरघळून गेला आहे.

या गावात घरे आहेत, घोडे आहेत, गलबते आहेत, सावकारही आहे. वेशीबाहेरची वस्ती तेवढी नाही. आपण कोठे राहतो याचा पत्ता करार कायद्याच्या गावात लागत नाही.

यावर कायद्याचे प्राध्यापक म्हणतील, कायद्याला जात नसते. 'अ' च्या जागी कोणालाही बसवा. हे उत्तर मी विद्यार्थिदशेत ऐकले आहे. एकदा वर्गात मी विचारले होते, की गावकीचे काम आणि त्याबद्दल सुगीत मिळणारे बैते हा करार होता की नव्हता? तो रूढीचा विषय आहे, आपल्या पेपरात येत नाही, असे सांगण्यात आले. परीक्षेपुरते ते उत्तर बरोबरच होते. पण ज्या सरकारने करार कायदा केला त्याच सरकारने त्याच्या मागेपुढे आणखी कोणते कायदे केले, हे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे 'कायद्याला जात नसते' या वाक्याचा खरा अर्थ उलगडतो.

१८५९ मध्ये कामगारांच्या करारभंगाविषयीचा कायदा झाला. उचल घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला वा मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे, पैसे परत कर किंवा काम पुरे कर असा हुकूम द्यावा, आणि हुकूम मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेत टाकावे, अशी त्याची तरतूद होती. मालकाने करार मोडला तर त्याला अशी कैद नव्हती. हा कायदा रद्द होण्यास १९२५ साल उजाडावे लागले. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि काही जमातींची मुले जन्मतःच पोलिसांच्या नोंदवहीत गेली. १८७२ मध्ये करार कायद्याने सांगितले, की मुक्त संमतीशिवाय करार नाही. आणि १८७४ मध्ये, म्हणजे अवघ्या दोन वर्षांनी, मुंबई इलाख्यात वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा झाला. वतनदाराच्या पोटी जन्मलेल्याने वतनाचे काम करायचे, याला त्या कायद्याने सरकारी शिक्का दिला.

पंधरा वर्षांतले हे चार कायदे एका रांगेत मांडून पाहावेत. हेन्री मेन याने १८६१ मध्ये असा सिद्धांत मांडला होता, की पुढारलेले समाज जन्माने मिळणाऱ्या दर्जाकडून कराराकडे जात असतात. हाच मेन पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात कायदेमंत्री झाला. त्याचा सिद्धांत आजही कायद्याच्या पहिल्या वर्षाला शिकवितात. पण या देशात तो प्रवास सर्वांसाठी सुरू झालाच नव्हता. घर, घोडा आणि नीळ विकणाऱ्याला करार मिळाला. मजुराला उचलीची कैद मिळाली. भटक्याला हजेरी मिळाली. महाराला वतन मिळाले. एकाच सरकारने काहींना करार दिला आणि उरलेल्यांना दर्जातच डांबून ठेवले. कायद्याला जात नव्हती असे नव्हे. जातवार कायदे होते, आणि त्यांपैकी एकच आज करार कायदा म्हणून अभ्यासाला नेमलेला आहे.

आमच्या तालुक्याला ही गोष्ट नकाशावरही दिसते. वारणेच्या पलीकडे शिराळा, तो इंग्रजी मुलूख. आंबा घाट उतरला की रत्नागिरी, तोही इंग्रजी मुलूख. मध्ये शाहूवाडी संस्थानी : विशाळगडकर पंत प्रतिनिधींची जहागीर, मलकापूर हे त्यांचे ठाणे, आणि वर कोल्हापूर दरबार. राज्ये तीन असली तरी येसकराची काठी तिन्हीकडे सारखीच होती. सांगावा नेणे, मेलेले जनावर ओढणे, सरकारी अंमलदार आला की त्याच्या घोड्याला वैरण टाकणे, रात्रीचा पहारा करणे, हे काम कोणत्याही राजवटीत चुकत नव्हते.

आता हे काम आणि त्याचे बैते करार कायद्याच्याच कसोटीवर घासून पाहू. हा खेळ नव्हे. समीक्षेची ही सर्वांत साधी रीत आहे, की ज्याचे माप आहे त्याच्याच मापाने त्याला मोजावे. कलम १० म्हणते, संमती मुक्त हवी. येथे संमती विचारलीच गेली नव्हती. जन्म हीच सही होती. कलम २९ म्हणते, ज्याचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही तो करार कायद्याच्या दृष्टीने शून्य. येथे काम काय, किती, कोणत्या वेळी आणि कोणासाठी, यातले काहीच निश्चित नव्हते. गाव सांगेल ते काम. मोबदलाही निश्चित नव्हता. माझे आजोबा सांगत, 'सुगीत खळ्यावर जायचं, धनी देईल तेवढं पदरात घ्यायचं, मोजून मागायचं न्हाई.' मोजून मागता येत नाही त्या मोबदल्याला मोबदला म्हणत नाहीत. कलम ७० असे आहे, की फुकट करण्याचा हेतू नसताना एखाद्याने दुसऱ्यासाठी रीतसर काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ उठविला, तर लाभ घेणाऱ्याने भरपाई दिली पाहिजे. पिढ्यान् पिढ्यांच्या वेठीचा हिशेब या एका कलमाखाली मांडायचा ठरविला तर कोणत्या कोर्टाला तो पुरा करता येईल?

म्हणजे आपल्या गावात होता तो करार नव्हताच. पण तो साधी रूढीही नव्हता. त्याचे बाह्य रूप कराराचे होते : काम आहे, धान्य आहे, दोन बाजू आहेत. आतले सत्य मात्र एवढेच, की शब्दाने एकच बाजू बांधलेली होती. कराराची मूळ कल्पना दोन्ही बाजूंना बांधण्याची आहे. दुबळ्याला तर कोणीही बांधू शकतो, त्यासाठी कायदा लागत नाही. कायदा लागतो तो बलवानाला त्याच्या शब्दाने बांधण्यासाठी. 'कार्बोलिक स्मोक बॉल' हा १८९३ चा इंग्रजी खटला आमची मुले अर्थ न कळता पाठ करतात. त्यातली गोष्ट खरे म्हणजे हीच आहे. एका औषध कंपनीने जाहिरात दिली, की आमचे औषध सांगितल्याप्रमाणे वापरूनही ज्याला इन्फ्लुएंझा होईल त्याला शंभर पौंड देऊ. एका साध्या बाईने औषध वापरले, तिला इन्फ्लुएंझा झाला, आणि कंपनीने हात वर केले. कोर्टाने कंपनीला तिच्याच शब्दाने बांधले. हा खटला शाहूवाडीच्या मुलाला नावे पाठ करायला लावून शिकवू नये. धन्याचा शब्द धन्यालाही बांधतो, असे सांगून शिकवावा. आमच्या इतिहासात हेच घडले नव्हते.

आपल्या बाजूच्या दोन थोर माणसांनी हे ओळखले होते, आणि त्यांच्या कार्याकडे या दृष्टीने फारसे पाहिले गेलेले नाही. छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानातील महार वतने रद्द करून त्या जमिनी रयताव्याच्या केल्या, आणि १९२० मध्ये वेठबिगारीला बंदी केली. जमीन आणि सेवा यांची गाठ त्यांनी सोडविली. जमीन आहे म्हणून राबलेच पाहिजे, हे बंधन तुटले. त्याच काळात त्यांनी अस्पृश्य तरुणांना वकिलीच्या सनदाही दिल्या. या दोन गोष्टी सुट्या नाहीत. वतनातून माणूस बाहेर पडला तर पुढे त्याला करार करावा लागणार, आणि करार वाचणारा व मांडणारा त्याच्या बाजूचा कोणी तरी हवा. अर्थात हुकूम निघाला म्हणून रीत दुसऱ्या दिवशी सुटली नाही. आजोबांच्या आठवणी त्या हुकमानंतरच्याच आहेत.

दुसरे बाबासाहेब. १९२५ ते १९२८ या काळात मुंबईत बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत त्यांनी व्यापारी कायदा शिकविला. चरित्रकार हे पोटापाण्याच्या खटपटीत नोंदवून पुढे जातात. पण १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या त्याच वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, तेव्हा त्याचा आशय काय होता? कामे कोणती आणि कोणासाठी, हे ठरलेले असावे. बलुत्याचे रूपांतर पैशात व्हावे आणि ते सरकारमार्फत वसूल व्हावे. आणि ज्यांना वतन नको त्यांना पूर्ण सारा भरून, जमीन राखून, सेवेतून मोकळे होता यावे. निश्चित काम, निश्चित मोबदला आणि बाहेर पडण्याचे स्वातंत्र्य. व्यापारी कायद्याच्या वर्गात सांगितल्या जाणाऱ्या या तीन गोष्टी एका प्राध्यापकाने महारवाड्यापर्यंत नेल्या, असा या विधेयकाचा अर्थ मी लावतो. ते संमत झाले नाही. वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या निर्वाणानंतर.

येथे चळवळीतल्या माझ्या काही मित्रांचा आक्षेप विचारात घेतला पाहिजे. ते म्हणतात, करार ही भांडवलदारांची युक्ती आहे. उपाशी माणसाची संमती ही संमतीच नव्हे; मग तुम्ही कराराचे गोडवे कशासाठी गाता? आक्षेपाचा पूर्वार्ध मला मान्य आहे. कायद्यातले एक उदाहरण त्याची साक्षच देते. हजार रुपयांचा घोडा 'अ' दहा रुपयांना विकतो. त्याची संमती मुक्त होती. मोबदला अपुरा असला तरी करार पक्का. हे वाचून आमचा विद्यार्थी हसतो आणि विचारतो, 'सर, दहा रुपयाला घोडा कोण खुशीनं विकंल?' हा प्रश्न सर्व टीकाग्रंथांहून मोलाचा आहे. आणि गंमत अशी, की कायद्यालाही तो प्रश्न सुचलेला आहे. त्याच कलम २५ चे दुसरे स्पष्टीकरण म्हणते, मोबदला अपुरा असेल तर संमती खरोखर मुक्त होती काय, हे ठरविताना कोर्टाने त्याचा विचार करावा. उदाहरण सर्वांना पाठ असते. स्पष्टीकरण गाळले जाते.

कलम १६ चेही तसेच. या कलमाला आजचे रूप १८९९ च्या दुरुस्तीने मिळाले. त्यात चार उदाहरणे आहेत. तिसऱ्यात आपले गाव अखेर सापडते : 'अ' हा आपल्या गावच्या सावकाराचा देणेकरी आहे, आणि तो त्याच्याकडूनच उघड उघड अन्यायी अटींवर नवे कर्ज घेतो. अशा वेळी दडपण नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर. लगेच पुढच्या उदाहरणात पैशाची टंचाई असताना बँकवाला चढ्या व्याजाने कर्ज देतो, आणि कायदा म्हणतो, हा नेहमीचा व्यवहार आहे, यात दडपण नाही. गावचा सावकार आणि शहरातला बँकवाला यांच्यामध्ये कायद्याने जी रेघ ओढली, ती कोठे ओढावी यावर आपल्या मुलांनी वर्गात भांडावे असे मला वाटते. पण पुराव्याचे ओझे बलवानावर टाकणारे हे तिसरे उदाहरण कार्यकर्त्याच्या झोळीत असायला हवे. तोंडी करारही कायद्याने करारच असतो, हेही त्याला ठाऊक हवे. 'कागुद न्हाई म्हंजी काय न्हाई' ही समजूत आपल्या वस्त्यांत जेवढी पक्की आहे, तेवढा मालकाचा फायदा आहे.

आक्षेपाच्या उत्तरार्धाला उत्तर बाबासाहेबांनीच दिलेले आहे. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत औद्योगिक तंट्यांचे विधेयक आले. काही परिस्थितींत संप करणे गुन्हा ठरविणारे ते विधेयक होते. बाबासाहेबांनी विरोध केला तो करार कायद्याच्या पायावर उभे राहून. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा : संप म्हणजे फार तर नोकरीच्या कराराचा भंग. त्याबद्दल दिवाणी दाद मागता येईल. पण त्याला गुन्हा ठरवून शिक्षा करणे म्हणजे माणसाला इच्छेविरुद्ध कामाला जुंपणे, आणि त्यालाच गुलामगिरी म्हणतात. त्या वर्षीच्या ७ नोव्हेंबरला या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आघाडीवर होता. १८५९ च्या कायद्याची कैद ज्या वर्गाने भोगली, त्याच्या बाजूने हा युक्तिवाद उभा आहे. करार मोडण्याचा अधिकार, त्याची किंमत मोजून का होईना, माणसाला असतो. दर्जा मोडण्याचा अधिकार कोणालाच नसतो. म्हणून वतनाहून करार श्रेष्ठ. पोकळ असला तरी श्रेष्ठ, कारण पोकळ करार भरता येतो.

तो भरण्याचे काम स्वातंत्र्यानंतर काही प्रमाणात झाले. घटनेच्या कलम २३ ने बेगार व सक्तीचे श्रम निषिद्ध ठरविले. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने वेठीच्या मुळांत कर्ज आणि रूढी यांच्याबरोबर विशिष्ट जातीत वा समाजात झालेला जन्म हेही एक मूळ म्हणून नोंदविले. 'अ' आणि 'ब' यांच्या वाङ्मयात जातीचा शब्द कायद्याने आपण होऊन उच्चारला, ही लहान गोष्ट नव्हे. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांनी भुकेची आणि दारिद्र्याची सक्ती हीसुद्धा सक्तीच होय, आणि किमान वेतनाहून कमी पैशात करून घेतलेले काम हे सक्तीचे श्रम ठरते, असा निर्णय दिला. १९८६ मध्ये ब्रजोनाथ गांगुली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ज्याच्यापुढे सही करण्यावाचून गत्यंतर नाही अशा दुबळ्या पक्षावर लादलेली अन्यायी अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध असून शून्य आहे. माझ्या विद्यार्थ्याचा 'खुशीनं कोण विकंल?' हा प्रश्न न्यायालयात पोहोचण्यास कायदा झाल्यापासून शंभराहून अधिक वर्षे लागली.

आणि तरी शिकविणे बदलले नाही. लालमन शुक्ल याचा १९१३ चा अलाहाबादचा खटला घ्या. मालकाचा पुतण्या घरातून निघून गेला. मालकाने आपल्या मुनिमाला हरद्वारकडे शोधायला धाडले. मागाहून शोधणाऱ्याला ५०१ रुपये बक्षीस देण्याची पत्रके काढली. मुनिमाने पत्रक पाहण्याआधीच मुलगा शोधला आणि पुढे बक्षीस मागितले. कोर्ट म्हणाले, तुला प्रस्ताव माहीत नव्हता, म्हणून तू तो स्वीकारलाच नाहीस. शिवाय शोधणे हे तुझे नोकरीचे कामच होते. तत्त्व म्हणून हे ठीक आहे आणि परीक्षेत ते बरोबर लिहिलेच पाहिजे. परंतु येथे जातीचा नव्हे, नोकराचा प्रश्न आहे. तोच शोध एखाद्या जाणत्या परक्याने लावला असता तर ५०१ रुपये मिळाले असते. नोकराचे कष्ट आधीच विकले गेलेले, आणि त्याला बातमी शेवटी मिळणार. ज्याला माहिती नाही त्याला हक्क नाही, हे तत्त्व आपल्या वस्तीत किती खोल लागू आहे, ते शिष्यवृत्तीचा अर्ज मुदत संपल्यावर घेऊन येणाऱ्या मुलाला विचारावे.

आज दर्जा गेला आणि करार सर्वांचा झाला, असे कोणी म्हणेल तर त्याने ऊस पट्ट्यात एक हंगाम काढावा. बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून येणारी ऊसतोड जोडपी कोल्हापूरच्या शिवारात कोपीत राहतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याने घेतलेली असते, बोलीही त्याच्याशीच. बायको अर्धा कोयता म्हणून राबते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, आणि उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामालाही बांधली जाते. करारात ती पक्षकार नाही. तिची संमती कोणी घेतली? करार कायद्याच्या पुस्तकात बायको येते ती १९१९ च्या बाल्फोर खटल्यात, नवऱ्याने कबूल केलेले महिन्याचे पैसे मागायला. आणि तिला उत्तर मिळते, की घरातल्या बोलीला करार म्हणत नाहीत. घरातल्या बोलीला करार म्हणत नाहीत हे खरे मानले, तर नवऱ्याच्या बोलीवर बायकोचे श्रम मुकादमाला कसे मिळतात? हा प्रश्न प्रश्नपत्रिकेत यायला हवा.

आणि आपला शिकलेला वर्ग? मी स्वतः काही वर्षे एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकविले. दर वर्षी नवा आदेश, तासाला ठरलेले पैसे, सुट्टीचे काही नाही, आणि तळाशी 'सर्व अटी मान्य' म्हणून सही. मुक्त संमतीचे कलम शिकवून मी खाली उतरत होतो आणि त्या सहीवर पुढचा महिना काढत होतो. माझ्यासारखे नेट-सेट झालेले पहिल्या पिढीचे कितीतरी तरुण आज त्याच सहीवर उभे आहेत. ६ सप्टेंबर २०२३ रोजी शासनाने बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी पदे भरण्याचा निर्णय काढला, तेव्हा आरक्षणाचे काय, असा प्रश्न राज्यभर विचारला गेला. ऑक्टोबरमध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. तो मागे गेला, पण 'कंत्राटी' हा शब्द मागे गेलेला नाही. मराठीत करार आणि कंत्राट हे दोन शब्द आहेत, आणि लोकांनी त्यांत भेद केला आहे. करार दोघांचा असतो. कंत्राट एकाचे असते आणि दुसरा त्यावर राबतो. शब्दकोशात हा भेद सापडणार नाही. तो बाजारात आणि नाक्यावर सापडतो.

आपल्या साहित्याने या बाबतीत कायद्याच्या पुस्तकाहून अधिक काम केले आहे. १९७८ मध्ये दया पवारांनी आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले. ते मोबदल्याचे नाव आहे. गावाने कष्टाची जी किंमत ठरविली, तिलाच त्यांनी साऱ्या आयुष्याचे शीर्षक केले. समीक्षकांनी या पुस्तकावर भाषा, प्रामाणिकपणा, अश्लीलता अशा अंगांनी पुष्कळ लिहिले. पण हा एका खोट्या कराराचा जबाब आहे, या अंगाने ते वाचले जाणे अजून बाकी आहे. कलम १४ मधली मुक्त संमती आणि बलुत्याचा हिशेब ही दोन पुस्तके एकाच बाकावर ठेवून वाचली पाहिजेत. कायद्याच्या विद्यार्थ्याने आत्मकथने वाचावीत आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने करार कायदा वाचावा, तो एवढ्याचसाठी.

माझी सूचना साधी आहे. करार कायदा शिकविणाऱ्या आपल्या प्रत्येक शिक्षकाने कलम १० शिकविताना १८५९ आणि १८७४ चे कायदे फळ्यावर लिहावेत. कलम १६ चे तिसरे उदाहरण आणि कलम २५ चे दुसरे स्पष्टीकरण गाळू नये. १९२८ चे विधेयक आणि १९३८ चा युक्तिवाद हे करार कायद्याच्याच इतिहासात सांगावेत, केवळ जयंतीच्या भाषणात नव्हे. आणि विद्यार्थ्यांना काम द्यावे, की आपल्या घरातला एक व्यवहार, आईची लावणीची मजुरी म्हणा, बापाची उचल म्हणा, कायद्याच्या भाषेत लिहून आणा : पक्षकार कोण, काम काय, मोबदला किती, आणि सोडून जायचे म्हटले तर जाता येते काय. गेल्या वर्षी मी हे काम दिले, तेव्हा शेवटच्या प्रश्नापुढची जागा पुष्कळ वह्यांत कोरी होती. त्या कोऱ्या जागेवर आम्ही दोन तास बोललो. अभ्यासक्रम त्या आठवड्यात थोडा मागे पडला.